सांगता येत नाही

सुवार्ताचं 'आय कम' आमच्या हॉस्पिटलात अजूनही सांगितलं जातं. ती नवीन लागली त्या महिन्यातली गोष्ट. परदेशातले एक सर्जन पाहुणे म्हणून आले होते आणि ड्रेसिंगच्या वेळी ही त्यांच्या मदतीला होती. ड्यूटी संपली तशी हिने हात धुतले, दारात उभी राहून अदबीने म्हणाली, "आय कम, डॉक्टर," आणि सरळ क्वार्टरवर येऊन जेवायला बसली. तो बिचारा हातात कात्री धरून अर्धा तास तिची वाट बघत होता. शेवटी मीच जाऊन सांगितलं, "शी हॅज गॉन, सर."

निघताना आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? हॉस्पिटलात तर ते फारच जपावं लागतं. पेशंटच्या उशाशी उभी राहून 'जाते' म्हणणारी नर्स आमच्या मिरजेत कुणी वॉर्डात ठेवून घ्यायचं नाही. सुवार्ताने तेच इंग्रजीत केलं होतं.

हा किस्सा सगळ्यात छान मी सांगायचे, नकलेसकट. सुवार्ताही हसायची. बारा वर्षं हसली. तिला ते लागत असेल असं मनात आलं नाही, कारण मी ते येऊ दिलं नाही.

मी ऋतुजा. सुवार्ताची बारा वर्षांची रूम पार्टनर, आणि हॉस्पिटलातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी माझं. परदेशी पाहुणे आले की मला बोलावणं यायचं, परदेशी पत्रं मी लिहायचे. मी पहिलीपासून इंग्रजी माध्यमातली. सुवार्ता जत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली. हात मात्र तिचे सोन्याचे. लहान मुलांची शीर तिला एका झटक्यात सापडायची, आणि मी दोनदा टोचून मुलाच्या आईला रडवायचे. पण हातांची परीक्षा कुणी घेत नव्हतं.

परीक्षा होती इंग्रजीची. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलशी आमचा करार होता. दरवर्षी इथली एक नर्स तिकडे कायमची घेत. व्याकरण, शब्दसंग्रह आणि उतारा वाचून उत्तरं, असे तीन भाग. ठरलेल्या गुणांच्या वर जी पहिली येईल ती जाणार. तोपर्यंत यंत्रांनी भाषांतराची सगळी कामं केव्हाच ताब्यात घेतली होती, पण आजारी माणसाशी यंत्राच्या तोंडून बोलायचं नाही असा तिकडचा नवा कायदा होता. नर्सला स्वतःला भाषा यायला हवी. मागच्या वर्षी मी दोन गुणांनी राहिले होते. सुवार्ता आजवर दोनदा बसली आणि दोन्ही वेळा सपशेल नापास. या वर्षी जागा माझी, हे मी धरूनच चालले होते. खिडकीत वाळत घातलेला माझा लोकरी स्वेटर बघून सुवार्ता म्हणायची, "तिकडं गेलीस की मला एक पाठव गं."

त्यात गजरा आला.

त्याचं कंपनीचं नाव लांबलचक होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, या कानापासून त्या कानापर्यंत बसणारी मऊ पांढरी पट्टी. बरोबर गजऱ्याच्या जागी. म्हणून आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला गजरा म्हणून टाकलं, आणि मग मेट्रनबाईंच्या तोंडीही तेच बसलं.

कंपनीच्या डॉक्टर सबनीस आम्हाला समजावून सांगायला आल्या होत्या. बाई चांगल्या, फळ्यावर चित्रं काढून बोलायच्या.

"वाचताना एखादा शब्द अर्थाला बसला नाही," त्या म्हणाल्या, "तर मेंदूत विजेची एक लाट उठते. साधारण सेकंदाच्या चार दशांशाने. 'मी चहात साखर आणि चप्पल घातली', हे ऐकताना आत्ता तुमच्या डोक्यात ती उठली. आपल्याला कळायच्या आधी मेंदूला कळलेलं असतं. हे फार जुनं ज्ञान आहे. ही पट्टी ती लाट पकडते. म्हणजे कुठला शब्द तुम्हाला येत नाही हे विचारावं लागत नाही, पट्टीला दिसतं. सराव नेमका तिथेच देता येतो."

"आणि डोक्याला शॉक बसतो म्हणतात, ते?" सुवार्ताने विचारलं.

"शॉक नाही हो. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा एकदम जाग्या होतात. तुम्ही इंग्रजी वाचत असता तेव्हा मराठीही दाराशी येऊन उभी असते. तिला 'थांब जरा' म्हणण्यात मेंदूचा वेळ जातो, आणि कधीकधी ती आत घुसतेच. मग 'टुडे मॉर्निंग' होतं, 'सिन्स टेन इयर्स' होतं."

"आय कम होतं," मी म्हटलं. सगळ्या हसल्या.

"तेच," सबनीसबाई हसल्या नाहीत. "त्या 'थांब जरा'ला ही पट्टी अगदी बारीक प्रवाहाने मदत करते. सराव संपला, पट्टी काढली, की मराठी होती तशी. शंभरात एखाद्याच्या बाबतीत मात्र थांबलेली भाषा काही ठिकाणी थांबूनच राहते, असा आमचा अंदाज आहे. म्हणून जवळचं कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. कोर्स संपल्यापासून तीन महिन्यांत कळलं तर उलटा कोर्स देऊन दुरुस्त करता येतं. नंतर अवघड."

पट्टी एकच होती. आणि अट अशी, की घेणारी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली हवी. आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्रजी माध्यमाचा तोटा झाला.

मेट्रन लोखंडेबाईंनी सुवार्ताचं नाव घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि लक्ष ठेवायला ऋतुजा. तुझ्याइतकं जवळचं तिला आहे कोण?"

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी.

सहा आठवड्यांचा कोर्स होता. दुपारी ड्यूटीवरून आलो, की सुवार्ता वेणी पुढे घ्यायची, मी तिच्या डोक्याला गजरा बसवायचे, आणि आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचो. सराव दोघींचाही तोच. मी आपली साधी, बिनगजऱ्याची.

तिची पाठांतराची पद्धत गमतीची होती. नवा शब्द मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहायची आणि मनगटाला लावायची. बरोबर वापराला टिक आणि चुकीच्याला फुली, हे मी शिकवलेलं. दिवसभर बेड करता करता मनगट बघायची. आधी एक शब्द चार दिवस चिकटून असायचा. गजरा आल्यावर सकाळची पट्टी दुपारी कचऱ्यात जायला लागली.

उताऱ्यांचं मात्र तिला फार जड जायचं. प्रत्येक विधानापुढे तीन पर्याय असतात. बरोबर, चूक, किंवा उताऱ्यात दिलेलं नाही. ते तिसरं तिला पटायचंच नाही.

"दीपगृहाचा रखवालदार एकटा राहतो असं दिलंय," ती म्हणायची. "मग त्याला करमत नसणार हे बरोबरच की."

"उताऱ्यात कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? कळतंय की!"

"तुला कळतं ते बाहेर ठेवायचं. लिहिलं नसेल तर सांगता येत नाही."

"कसली गं तुमची इंग्रजी," ती वैतागायची. "समोर माणूस रडतोय आणि म्हणायचं, सांगता येत नाही."

तिसऱ्या आठवड्यात तिने उताऱ्याचे सगळे प्रश्न बरोबर सोडवले. माझे दोन चुकले. तिने माझा कागद बघितला आणि पटकन नजर वळवली. तिने ती वळवली नसती तर मला इतका राग आला नसता.

त्याच दिवशी शब्दसंग्रहात 'एनव्ही' आणि 'जेलसी' आले. फरक मी सांगितला, शिकवायची सवय जाता जात नाही. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवं, ही एनव्ही. आपलं आहे ते दुसरं कुणी नेईल ही भीती, ती जेलसी.

सुवार्ताने पेन दातात धरून विचार केला. "आणि दोन्ही एकदम असलं तर?"

"तसं नसतं," मी म्हटलं.

तसंच होतं. मला तिचा गजरा हवा होता, आणि माझी जागा ती नेईल अशी भीती वाटत होती. मी जळत होते. रोज दुपारी तिचे केस बाजूला करून गजरा बसवताना माझे हात नको इतके हळुवार व्हायचे, आणि ती म्हणायची, "तू आहेस म्हणून गं."

लक्ष ठेवणारी म्हणून मला रोज एक फॉर्म भरायचा असे, आणि तीन महिन्यांनी एक शेवटचा. झोप, भूक, डोकेदुखी. सगळ्यात खाली एक प्रश्न: 'मातृभाषेच्या वापरात बदल जाणवतो का?' पुढे तीन चौकोन. आहे. नाही. सांगता येत नाही.

चौथ्या आठवड्यात मी हाडांच्या वॉर्डात होते. सुवार्ताही तिथेच होती. सात नंबरवर चौगुले आजोबा, मांडीचं हाड मोडलेले. सुवार्तावर त्यांचा फार जीव. ड्यूटी संपली, तिने त्यांची चादर सारखी केली आणि हसून म्हणाली, "बरं आजोबा, जाते."

आजोबांनी तिचा हात धरला. "आगं पोरी, जाते काय म्हंतीस? येते म्हन की."

"का?" सुवार्ता गोंधळून म्हणाली. "मी तर जाते आहे ना?"

तिने थट्टेने म्हटलं नव्हतं. शेजारच्या बेडचं सलाईन बदलताना मी तिचा चेहरा बघितला. आजोबा काय मागतायत ते तिला खरोखर कळत नव्हतं. आजोबांनी तिचा हात सोडला, कूस बदलली आणि संध्याकाळी चहाही घेतला नाही.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "आजोबांना असं का म्हणालीस?"

"कसं?"

"जाते."

"मग काय म्हणायचं? जाणारं माणूस येते कसं म्हणेल?" ती टेबलाशी बसली आणि वेणी पुढे घेतली. "लाव ना गजरा. आज 'इफ'ची वाक्यं आहेत, कंडिशनल."

तिचं बाकी सगळं मराठी ठणठणीत होतं. भांडायची मराठीत, देवाला मराठीत बोलायची. आमचं बोलणं तसंही असं, की 'पेशंटला शिफ्ट कर, पल्स बघ', यात कुणाची मराठी कमी झाली ते कुणाला कळणार? मी फॉर्म पुढे ओढला. पेन 'आहे'वर गेलं आणि थांबलं. 'आहे' म्हटलं की कोर्स त्या क्षणी बंद. जागा मग माझीच होती. आणि सगळं हॉस्पिटल म्हणणार होतं, की बघा, ऋतुजाला बघवलं नाही. खरं बोलले असते तरी ते जळून बोलल्यासारखं दिसलं असतं, आणि जळणारी म्हणून ओळखलं जाणं मला सोसणार नव्हतं.

मी 'सांगता येत नाही'वर टिक केली.

इतकंच कारण असतं तर बरं होतं. पण मनाच्या तळाशी आणखी एक होतं, आणि ते लिहितानाही मला लाज वाटते. इतकं सगळं मिळतंय तिला, तर तिचंही काहीतरी जाऊ दे की, असं मला वाटलं होतं.

पाचव्या आठवड्यात सुवार्ताच्या आईचा मला फोन आला. मावशी कधी मला फोन करत नाहीत.

"ऋतुजा, एक इचारू का गं? सुवार्ता माझ्यावर रागावली काय?"

"नाही हो मावशी. का?"

"फोन ठेवताना 'जाते' म्हंती. आठ दिस झालं. हिचं वडील गेलं त्या दिवशी सकाळी रानात निघताना 'जातो' म्हनलं हुतं. तवापासनं आमच्या घरात कुनी तो शबुद काढत न्हाई. तिला ठावं हाय की."

"अभ्यासाचा ताण आहे हो," मी म्हटलं. "परीक्षा झाली की बरी होईल."

त्या दुपारीही मी तिसऱ्याच चौकोनात टिक केली. त्यानंतरच्या सगळ्या दुपारी तिथेच.

परीक्षा झाली. निकाल चार दिवसांत आला. सुवार्ता पहिली, मी तीन गुणांनी मागे. माझे तीनही गुण उताऱ्यात गेले. त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते मी बरोबर धरून बसले होते. वॉर्डात पेढे वाटताना सुवार्ताने पहिला मला भरवला आणि मी तो रडत खाल्ला. सगळ्यांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडते आहे.

जायची तयारी व्हायला दोन महिने लागले. मी तिची बॅग भरली, माझा लोकरी स्वेटर तिला दिला. या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुवार्ता निघताना काहीच म्हणेनाशी झाली होती. हात हलवायची, मान डोलवायची, आणि चालू लागायची. मी ते बघायचे, आणि बघितलं नाही असं स्वतःला सांगायचे.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी हॉस्पिटलच्या फाटकाशी आली. नर्सेस होत्या, लोखंडेबाई होत्या, मावशी पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. त्या लेकीकडे बघत नव्हत्या, पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होत्या. मला कळत होतं त्या कशाला भीत होत्या. मीही तेच भीत होते.

सुवार्ता त्यांच्या पाया पडली. उठली, क्षणभर थांबली आणि स्पष्ट म्हणाली, "येते, आई."

मावशींनी तिला कवटाळलं. "ये गं माझी बाय, ये," म्हणत त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. माझ्या छातीवरचा दगडच उतरला. बरी झाली होती. मी काही केलं नव्हतं, आणि तरीही ती बरी झाली होती. देवा, तुझे उपकार, असं मी मनात म्हटलं.

मग ती माझ्याकडे आली. "येते गं, ऋतू."

मी तिला मिठी मारली. तिचे हात माझ्या गळ्यात होते आणि माझ्याच स्वेटरची बाही वर सरकली होती. मनगटावर मायक्रोपोरची पट्टी होती. निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं:

'निघताना – येते.' पुढे टिक. खाली 'जाते', आणि त्यावर फुली.

पट्टी जुनी होती. कडा मळल्या होत्या. कितीतरी दिवस ती लागलेली असणार. ज्या बाईला हल्ली कुठलाही शब्द अर्ध्या दिवसात पाठ होत होता, तिला हा होत नव्हता.

सुवार्ताने माझी नजर ओळखली. बाही हळूच खाली ओढली, मला थोपटलं आणि गाडीत बसली.

"ये," मी म्हटलं. मला वाटतं, तिला ऐकू गेलं नसावं.

गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले, आणि मग लोखंडेबाईंच्या मागोमाग त्यांच्या ऑफिसात गेले.

"मॅडम, गजऱ्याचे फॉर्म मला परत हवेत. आणि शेवटचा, तीन महिन्यांचा, तोही आत्ताच भरते."

"त्याला अजून वेळ आहे ना?"

"सोळा दिवस."

त्यांनी फाइल दिली. मी उभ्यानेच चौथा आठवडा काढला आणि त्या दिवसापासून प्रत्येक पानावरचा तिसरा चौकोन खोडून पहिल्यात टिक करायला लागले. प्रत्येक ठिकाणी सही, तारीख. शेवटच्या पानावर मी आजोबांचं, मावशींचं आणि चिकटपट्टीचं सगळं लिहिलं. माझं नाव घालून लिहिलं, की मला चौथ्या आठवड्यात कळलं होतं आणि मी लपवलं.

लोखंडेबाई वाचत होत्या. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"ऋतुजा, आज ती गेली आणि आज तू हे लिहितेस. लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? मैत्रिणीवर जळते म्हणतील."

"जळतेच मी, मॅडम. तेही लिहू का? पण हे खरं आहे."

"हे वर गेलं की तिला उलट्या कोर्ससाठी परत बोलावतील. तिकडची जागा ते तिच्यासाठी थांबवतील की नाही, मला सांगता येत नाही. मग तुझं नाव दुसरं आहे. याचा विचार केलास?"

केला होता. फाटकापासून ऑफिसापर्यंत मी दुसरा कसलाच विचार केला नव्हता. तिच्यासाठी लिहिते आहे की जागेसाठी, हे मी स्वतःला चार वेळा विचारलं होतं, आणि चारही वेळा उत्तर वेगळं आलं होतं.

"माझं नाव खोडा," मी म्हटलं. "लेखी देते."

मी तेही लिहून दिलं. मला ती जागा अजून हवी होती. लोखंडेबाईंनी दोन्ही कागद फाइलला लावले आणि फोन उचलला.

"सुवार्ता मला विचारेल, मी कुणाचं ऐकून तिला परत बोलावलं," त्या म्हणाल्या. "काय सांगू?"

"माझं नाव सांगा. आणि म्हणावं, तू 'येते' म्हणून गेली होतीस."

मी दारापर्यंत गेले. वळून, सवयीने, त्यांना म्हणाले, "येते, मॅडम."